समोरच्या खोलीतली लाकडी फरशी

आमच्या घरात समोरच्या खोलीला लाकडी फरशी आहे. सोलापुरात हे सांगितले की ऐकणारा आधी हसतो. इथे उन्हाळ्यात माणसे गादी गुंडाळून ठेवतात आणि उघड्या फरशीवर पाठ टेकतात. शहाबादी असो की नवी टाइल, तिने थंड राहावे एवढीच अपेक्षा. त्या गावात लाकूड कोण घालतो?

माझ्या पत्नीने घातले. निवृत्त झाली त्या वर्षी, स्वतःच्या पैशांनी, फक्त त्या एका खोलीत. बाकीचे घर होते तसेच राहिले. स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली पाणी झिरपत होते, तेही तसेच राहिले. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "ओट्याचं बघू नंतर. आधी हे."

मागच्या हिवाळ्यात ती गेली. आजार लांबला नाही, हे एक बरे झाले, असे भेटायला आलेले लोक म्हणाले. मला त्यात बरे काही दिसले नाही, अजूनही दिसत नाही. ओटा अजून झिरपतो.

फरशीमागे एक जुनी गोष्ट होती. पत्नी मूळची होटगीची. वडील रेल्वेच्या रुळांवर गँगमध्ये कामाला, आई तिथल्या एका साहेबाच्या बंगल्यावर झाडूपोछा करायला. त्या बंगल्याच्या दिवाणखान्यात लाकडी जमीन होती. आई ती गुडघ्यांवर बसून पुसायची, वाळली की मेणाचे पॉलिश लावायची आणि कापडाने चकाकेपर्यंत घासायची. दोन्ही मुली, म्हणजे माझी पत्नी आणि तिची धाकटी बहीण, तोवर मागच्या पायरीवर बसून राहायच्या. साहेबाच्या बायकोने आईला सांगून ठेवले होते, "मुलींना आत आणू नकोस, पाय उमटतात." वाक्य एवढेच. त्यात शिवी नव्हती, आवाजही चढलेला नव्हता. साहेबाची स्वतःची मुले त्याच जमिनीवर धावत असत, आणि त्यांचे पाय बहुधा उमटत नसावेत.

पत्नी पुढे शिकली, सरकारी दवाखान्यात परिचारिका झाली, दिवसभर उभी राहून नोकरी केली. ते वाक्य तिने मला लग्नानंतर कधीतरी सांगितले, आणि मग पुन्हा कधी सांगितले नाही. पण फरशी बसवणारी माणसे सामान आवरून गेली त्या दिवशी तिने दवाखान्यातल्या जाड टाचेच्या चपला पायांत घातल्या, आणि दारापासून खिडकीपर्यंत चालत गेली. परत आली. पुन्हा गेली. तोंडावर हसू वगैरे काही नव्हते. एखादे काम उरकावे तशी चालत होती.

तेव्हापासून आमच्या घराची रीत उलटी झाली. आतल्या खोल्यांत ती अनवाणी असायची आणि समोरच्या खोलीत आली की चपला घालायची. पाहुणे सवयीने दाराबाहेर चपला काढत आणि आत पाहतात तर घरची बाई चपला घालून समोर उभी. तिची बहीण पहिल्यांदा आली तेव्हा उंबऱ्यातच थबकली.

"अक्का, येडी झालीस व्हय? घरात चप्पल?"

"हो. माझ्या घरात."

"बरं बाई," ती म्हणाली आणि स्वतःची चप्पल काढून आत आली. "मला न्हाय जमायचं ह्ये."

काही वर्षांत फरशीवर एक वाट पडली. दारापासून खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत. वरची चमक तिथे उडाली, बारीक ओरखडे आले, पावसाळ्यात ती पट्टी जरा काळपटही दिसायची. संध्याकाळचे ऊन खिडकीतून आडवे आले की ती वाट स्पष्ट दिसे. शेतातून जाणारी पायवाट दुरून दिसते तशी.

दारासमोरच्या भिंतीवर फळीवर बुद्धमूर्ती होती आणि तिच्या वर निळ्या कोटातली तसबीर. ही तसबीर माझ्या बापाच्या घरून आली होती, चौकट दोनदा बदललेली. पौर्णिमेला तिथे खाली मेणबत्त्या लावायच्या. आमच्याकडे त्या कशात खोचत नाहीत. पेटलेली मेणबत्ती आडवी धरायची, वितळलेल्या मेणाचे दोनचार थेंब जमिनीवर पाडायचे आणि ते मऊ आहेत तोवर तिला त्यावर उभी दाबायची. शहाबादीवर आयुष्यभर असेच केले, लाकडावरही तसेच केले. दुसरा विचार कुणाच्या मनात आला नाही.

पत्नीच्या पुण्यानुमोदनाला माणसे खूप आली. दवाखान्यातल्या तिच्या बरोबरीच्या, होटगीचे नातेवाईक, आमच्या वस्तीतले. चौरंगावर तिचा फोटो ठेवला होता. येणारा प्रत्येक जण फुले वाहायचा आणि मेणबत्ती लावायचा. चौरंगावर जागा संपली, मग लोकांनी खाली फरशीवर लावल्या. दुपारी सगळे जेवून गेले तेव्हा तसबिरीखाली मेणाचे एक तळे गोठले होते. मी ते बघत बसलो होतो. मेहुणीने पदर खोचला, सुरीने वरवरचे खरवडून काढले, उरलेल्यावर वर्तमानपत्राचे कागद पसरले आणि त्यावरून गरम इस्त्री फिरवली.

"मेन कागदात येतं वर, बगा. आमच्याकडं फरशीवरचं आसंच काढतेत."

कागद खरोखर तेलकट होत गेले. फरशी साफ दिसू लागली. आम्हा दोघांनाही बरे वाटले.

मुलगा पुण्यात नोकरी करतो. त्याच्याच ऑफिसातल्या एका मुलीशी त्याचे लग्न ठरत होते. मुलगी आपल्यातली नाही, हे त्याने आईला आधी सांगितले होते, मला नंतर. आईला आनंदच झाला होता. दवाखान्यात दाखल व्हायच्या आधी ती म्हणाली होती, "लग्नाआधी फरशीला पॉलिशचा एक हात मारून घेऊ. सून येईल तेव्हा छान दिसली पाहिजे." हे वाक्य तिचेच होते. म्हणून तर मला पुढे काही बोलता आले नाही.

मार्चमध्ये मुलगा दोन दिवसांसाठी आला. खोलीत उभा राहून खाली बघत म्हणाला, "बाबा, तिच्या घरचे पुढच्या महिन्यात येतायत. घर बघायला."

"येऊ देत."

"ही फरशी बघा ना. मधोमध सगळी घासलेली. जनावर बांधत असल्यासारखी."

"तुझी आई चालायची तिथून."

"माहीत आहे मला." त्याने पायाच्या अंगठ्याने एक ओरखडा चाचपला. "आईच म्हणाली होती ना, लग्नाआधी पॉलिश करू म्हणून?"

मी हो म्हणालो. तो निघताना बूट घालता घालता, माझ्याकडे न बघता बोलला, "आणि मूर्तीच्या वरचा तो फोटो आपण आतल्या खोलीत लावू. त्या दिवसापुरता. लपवायचं म्हणून नाही हं. त्यांना सगळं माहीत आहे. पण पहिल्याच भेटीत डोळ्यांसमोर कशाला?"

"कुणाच्या डोळ्यांसमोर?"

त्याने फोन काढून रिक्षा कुठवर आली ते पाहिले. "मूर्ती राहू द्या. बुद्ध चालतो, बाबा. आजकाल सगळ्यांच्या घरी असतो."

त्याला मी लहानपणी खांद्यावर बसवून जयंतीच्या मिरवणुकीत नेत असे. गर्दीत त्या तसबिरीची गाडी दिसली की खांद्यावरून तो माझे केस ओढायचा. ते आठवले. आठवून उपयोग काही नव्हता. रिक्षा आली होती.

दुसऱ्या आठवड्यात पॉलिशचे काम करणारा एक मिस्त्री बघायला आला. बोलका माणूस. त्याने चपलेच्या टाचेने फरशी ठोकून पाहिली.

"सर, ह्याला मशीन लावू की. समदं वरचं उडवू, आतलं लाकूड भायेर काढू. आरशावानी हुतंय."

माझी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. कुठलीही गोष्ट करण्याआधी तिच्याविषयी वाचायची खोड जडली आहे. फरशी बसवताना उरलेली एक पट्टी माळ्यावर होती, ती मी काढून ठेवली होती. तिची कड त्याला दाखवली. खाली प्लायचे थर आणि वर खऱ्या लाकडाचा पापुद्रा, पुस्तकाच्या पुठ्ठ्याएवढा जाड. त्यावर कारखान्यातच मारलेले पॉलिश. मशीन जरा एका जागी रेंगाळली की पापुद्रा संपणार आणि खालचा प्लाय उघडा पडणार. एकदा तो गेला की परत येत नाही.

मिस्त्री कड निरखून हसला. "मंग ही फरशी न्हाय, सर. लाकडाचा फोटो हाय की वो."

त्याला चहा देऊन मी वाटेला लावले. ज्या बाईने आयुष्यात एक हौस केली तिच्या हौसेवर एका अनोळखी माणसाने एवढा विनोद करावा, आणि तो विनोद चांगला असावा, याचा मला राग आला होता.

काम मीच करायचे ठरवले. रीत साधी होती. जुने पॉलिश पूर्ण काढायचे नाही. बारीक पॉलिशपेपरने त्याची चमक फक्त मारायची, म्हणजे नव्या हाताला धरायला जागा मिळते. लाकडाला पोहोचायचे नाही. मग भुसा टिपून घ्यायचा, स्पिरिटच्या फडक्याने पुसायचे, आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने पातळ हात मारायचा. वाळला की पुन्हा हलके घासून दुसरा.

मेहुणी होटगीहून मदतीला आली. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षे झाली, मुली आपापल्या घरी. आम्ही दोघांनी खुर्च्या, चौरंग, पुस्तकांचे कपाट आतल्या खोलीत ढकलले. मग मी पॉलिशपेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून घासायला बसलो. पंखा लावता येत नव्हता, भुसा उडतो. खिडक्या बंद, बाहेर सोलापूरचे ऊन. घाम टपकून फरशीवर डाग पडू नये म्हणून डोक्याला टॉवेल गुंडाळला होता.

"दाजी, लग्नाच्या वरातीत फेटा बांधला नव्हता तुमी. आता बरा दिसतोय."

"हसू नको. भुसा नाकात जाईल."

भिंतीकडून सुरुवात केली होती. वाटेपर्यंत यायला दुपार झाली. तिथे हात आपोआप मंदावला. चपलेच्या टाचेचे ओरखडे अर्धवर्तुळाकार होते, वळण्याच्या जागी. ती खुर्चीपाशी वळायची, तिथे दाट होते. पेपर फिरला की त्यांच्यावर पांढरी पूड यायची, पूड फडक्याने टिपली की खाली ओरखडा थोडा कमी झालेला असायचा.

मेहुणी दारात बसून बघत होती. मग म्हणाली, "घासून घासून अक्काला पुसायलाव व्हय?"

"फक्त वरचा थर जातोय. लाकूड तसंच राहणार आहे."

"अक्का कुटं लाकडात हुती? ती वरच हुती की."

मी मान वर केली नाही. घासत राहिलो. थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आले नसते, आणि अर्धी घासलेली फरशी न घासलेलीपेक्षा वाईट. तिनेच मारायला सांगितलेला हात आहे, असे मनात म्हणत होतो. पण तिने सून येणार म्हणून सांगितले होते. मी ते करत होतो कुणाच्या तरी डोळ्यांना काही खुपू नये म्हणून. दोन्हींसाठी लागणारा पेपर एकाच दुकानातून येतो.

पहिला हात पहाटे मारला. ऊन चढल्यावर मारला तर ब्रश पुढे जाईतो मागचे सुकू लागते आणि फटकारे दिसतात. खिडकीपासून दाराकडे मागे मागे सरकत आलो. ओल्या पॉलिशखाली लाकडाचा रंग भरून आला. वाट दिसेनाशी झाली. काम चांगले होत होते, हे कबूल करावे लागेल.

तसबिरीखाली आलो तेव्हा पॉलिश धरेना. ब्रश फिरवला की क्षणभर सारखे दिसे आणि मग जागोजाग ते मागे सरके. तेलकट भिंतीवर रंग फाटतो तसे. मधे गोल गोल कोरडी भोके उरली. पुन्हा ब्रश फिरवला, पुन्हा तेच.

मेहुणी माझ्या मागे येऊन उभी होती. "तितंच का न्हाय धरत?"

तिच्याकडे बघितले आणि दोघांनाही एकदमच उमगले. वर्षानुवर्षे पौर्णिमेला पाडलेले ते थेंब, आणि शेवटच्या दिवशीचे ते तळे. इस्त्रीने कागदात आले तेवढे आले. बाकीचे पातळ होऊन जुन्या ओरखड्यांत आणि पट्ट्यांच्या सांध्यांत उतरले होते. शहाबादीवर जे चालते ते इथे चालत नव्हते, आणि दगडाच्या सवयीच्या माणसांना ते कळायला कारण नव्हते.

ते वाळल्यावर मी तेवढीच जागा पुन्हा घासली. टर्पेंटाइनने पुसली. फडक्याला मेण आले, मला वाटले झाले. दुसरा हात मारला. उकाड्याने सांध्यांतले मेण पुन्हा वर आले आणि पॉलिश पुन्हा मागे सरकले. आणखी एकदा घासले. आता पेपरखाली लाकूड फिकट दिसू लागले. माळ्यावरच्या पट्टीची कड डोळ्यांसमोर आली. आणखी घासले असते तर प्लाय दिसला असता.

मी ठोकळा खाली ठेवला.

"ऱ्हाऊ दे, दाजी," मेहुणी म्हणाली. "बरं झालं. त्येवडं तरी ऱ्हायलं."

असा तो डाग राहिला. मोठ्या ताटाएवढा, निस्तेज, कडा वेड्यावाकड्या. बाकीची खोली पाण्यासारखी चकाकत होती, त्यामुळे तो जास्तच दिसे.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मुलगा आला. खोली बघून त्याचा चेहरा उजळला. "बाबा, ओळखू येत नाही ही खोली!" मग त्याला डाग दिसला. मी कारण सांगितले. तो बाहेर जाऊन मोठ्या पानांची एक कुंडी घेऊन आला आणि डागावर ठेवली. खुर्च्याही त्याने नव्याने मांडल्या. पत्नीची खुर्ची खिडकीजवळून काढून दार आणि खिडकीच्या मधोमध ठेवली. मग स्टुलावर चढून त्याने तसबीर उतरवली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि आतल्या खोलीत नेली. भिंतीवर खिळा आणि फिकट चौकोन राहिला. खाली फळीवर बुद्धमूर्ती. त्याने तिच्यावरची धूळ रुमालाने टिपली.

मी खुर्चीत बसून होतो. त्याचा हात धरावा असे वाटले नाही, असे मी म्हणणार नाही. पण तो मला आता एकटाच उरलेला होता, आणि हे त्यालाही माहीत होते.

पाहुणे पुण्याहून गाडीने आले. मुलगी, तिचे वडील, तिची आई. सगळ्यांनी दाराबाहेर बूट काढले. तिघेही मोज्यांनी आत आले आणि वडील खाली बघून म्हणाले, "वा! लाकडी फ्लोअरिंग! सोलापुरात!"

"आईची हौस होती," मुलगा म्हणाला. कशाची हौस होती ते बोलला नाही.

बोलणे प्रवासाचे, रस्त्याचे, उन्हाचे चालले होते. मुलगी कमी बोलत होती, पण चौरंगावरच्या पत्नीच्या फोटोसमोर गेल्यावर तिने हात जोडले आणि जरा वेळ तशीच उभी राहिली. मला ती आवडली. तिच्या वडिलांची नजर मात्र खोलीभर फिरत होती. ती भिंतीपाशी खाली थांबली.

कुंडी तिथे नव्हती.

"इथे काय झालं हो?"

मुलगा पटकन म्हणाला, "कुंडी होती तिथे. पाणी मुरलं."

मेहुणी त्याच वेळी पोह्यांच्या बशा घेऊन आली होती. "कुंडी कालच आणल्याली की रं. पानी गळायलंय म्हनून सकाळी मीच भायेर ठिवली." बशा देता देता तिने पाहुण्यांकडे बघितले. "तितं मेनबत्त्या लावतो आमी. फोटोसमोर. मेन मुरलंय त्ये, जाईना."

सगळ्यांच्या माना वर गेल्या. खिळा होता, फिकट चौकोन होता.

मुलीचे वडील हसले. मोकळे, दिलदार हसू. "असू दे, असू दे. आम्ही तसलं काही मानत नाही हो."

मी 'तसलं' हा शब्द ऐकला. मेहुणीने ऐकला की नाही ते कळले नाही, ती चमचे देत होती.

मुलीच्या आईने सरळच विचारले, "मग फोटो काढला का?"

मुलगी माझ्या मुलाकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "तू काढलास?"

"भिंत रंगवायची आहे," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. वडिलांनी बशी उचलली आणि विषय पुढे नेला. "एक सांगायचं होतं तुम्हाला. साखरपुडा आणि लग्न, दोन्ही आम्ही पुण्यातच हॉलवर करायचं म्हणतोय. आमच्याकडची माणसं फार. एवढ्या लांब कुणी येणार नाही. तुम्ही उगाच घराचं काम काढलंत. त्रास झाला असेल."

"त्रास नाही," मी म्हणालो.

म्हणजे त्यांची माणसे या खोलीत कधी यायचीच नव्हती. तसबीर उतरवा असे त्यांनी सांगितलेले नव्हते. कुणीच सांगितलेले नव्हते. साहेबाच्या बायकोला निदान तोंड उघडून बोलावे तरी लागले होते. इथे तेवढेही लागले नाही. मुलाने ते स्वतःच स्वतःला सांगितले आणि ऐकलेही.

चहा झाला. मुलगा त्यांच्याच गाडीने परत जाणार होता. निघताना तो दारात मागे राहिला.

"मावशीला सांगून ठेवायला हवं होतं तुम्ही."

"काय सांगून ठेवायला हवं होतं?"

तो खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. दोन्ही नाड्या नीट बांधलेल्या होत्या, तरी पुन्हा सोडून बांधल्या. मग "येतो" म्हणाला आणि जिना उतरून गेला.

मेहुणीने आतून तसबीर आणली. कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवलेली तिला सापडली होती. कागद सोडवला, पदराने काच पुसली. मी स्टुलावर चढून ती खिळ्याला लावली. चौकोन झाकला गेला. तिने मेणबत्ती पेटवली आणि विचारले, "दाजी, खाली ताटली ठिवू का?"

"नको."

तिने मेणबत्ती आडवी धरली, डागावर थेंब पाडले आणि ती त्यांच्यावर उभी केली. मेणबत्ती चटकन बसली. मग मेहुणी मागे सरकली आणि खाली बघून थांबली.

"दाजी, बगा. पाय उमटायलेत."

सकाळपासून ती स्वयंपाकघरातून समोरच्या खोलीत अनवाणी ये-जा करत होती. उकाड्याने तळपायाला घाम होता. नव्या पॉलिशवर तिच्या पायांचे ठसे लखलखीत दिसत होते, टाच, चवडा, पाची बोटे. पाहुण्यांनी मोजे घातले होते, त्यांचे उमटले नव्हते. जुनी घासलेली फरशी कुणाचे पाय दाखवत नसे. माझ्या पत्नीने चालून चालून तिला तशी करून ठेवली होती. मी गुडघ्यांवर बसून, डोक्याला टॉवेल बांधून, चार पहाटा घालवून तिची पुन्हा साहेबाच्या बंगल्यातली जमीन केली होती.

मेहुणीला हे सगळे सुचले का, मला माहीत नाही. विचारायचे धाडस झाले नाही. ती काही वेळ ते ठसे बघत उभी राहिली. पुसायला फडके आणेल असे वाटले. ती दाराबाहेर गेली, पायांत स्वतःची रबरी चप्पल सरकवली आणि तशीच आत आली. जिला ते कधी जमणार नव्हते ती. दारापासून खिडकीकडे निघाली. मधे खुर्ची होती.

मी उठून खुर्ची बाजूला केली.